खान्देशात वाईन कुठून घ्यावी : घरपोच मागवावी की गावातल्या दुकानातून?

गिरणाकाठ (जळगाव)

नोकरीनिमित्त बरीच वर्षे पुण्यात काढून मी आता जळगावला कायमचा परतलो आहे. आम्ही पती-पत्नी अधूनमधून रात्रीच्या जेवणाबरोबर एखादा ग्लास वाईन घेतो, आणि थंडीच्या दिवसांत बाहेरगावचे स्नेही मुक्कामाला आले की घरात चार चांगल्या बाटल्या असाव्यात असे वाटते. पुण्यात मी ज्या दुकानातून वाईन घेत असे तेथे वाईनसाठी वेगळी थंड खोली होती, विक्रेत्याला द्राक्षांच्या जाती ठाऊक होत्या आणि नवीन काय आले आहे ते तो आपणहून सांगत असे.

जळगावात दुकानांची उणीव नाही, परंतु त्यांचा सारा व्यवहार व्हिस्की, रम आणि बिअर यांवर चालतो. वाईनच्या वाट्याला कोपऱ्यातली एखादी फळी येते, बाटल्या महिनोन्महिने उभ्या असतात, आणि एका दुकानात तर दुपारचे ऊन थेट त्या फळीवर पडताना मी पाहिले आहे. मार्चअखेरीस तेथून आणलेली शेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन, जी माझ्या चांगल्या परिचयाची आहे, उघडली तेव्हा तिचा रंग गडद पिवळा झालेला होता, फळाचा ताजेपणा गेलेला होता आणि शिजवलेल्या सफरचंदाची निस्तेज चव तेवढी उरली होती. दुकानदाराने माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, पण वाईन जितकी जुनी तितकी चांगली, असेच त्याचे मत पडले.

दुसरीकडे मोबाईलवर शोध घेतला की जळगावात वाईन घरपोच देणारी अनेक पाने आणि फोन नंबर दिसतात. किमती छापील किमतीपेक्षा कमी लिहिलेल्या असतात आणि पैसे आगाऊ मागितले जातात. अशा ठिकाणाहून मागवणे कायदेशीर आहे का, सुरक्षित आहे का, आणि नसेल तर आपल्या भागात चांगल्या स्थितीतली वाईन मिळवण्याचा खात्रीचा मार्ग कोणता, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

पांझरा (धुळे)

दादा, मी धुळ्यात वकिली करतो, म्हणून आधी कायद्याची बाजू मांडतो. मद्य हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत येतो. त्यामुळे मद्याची निर्मिती, वाहतूक, साठवण आणि विक्री यांचे नियम प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे करते, आणि पुस्तक किंवा कपडा ज्या सहजतेने दिल्लीहून किंवा बंगळूरहून कुरिअरने घरी येतो त्या सहजतेने वाईनची बाटली येऊ शकत नाही. मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने त्यावरचा कर आणि शुल्क हेही राज्यागणिक वेगळे असतात. एखादे संकेतस्थळ देशभर वाईन घरपोच देण्याचा दावा करत असेल तर एवढ्यावरूनच त्याच्याविषयी शंका घ्यावी.

महाराष्ट्रात आजही १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. पुष्कळांना हे ऐकून आश्चर्य वाटते, परंतु आपल्या राज्यात मद्य बाळगणे, नेणे आणि पिणे या तिन्ही गोष्टी परवान्यानेच करता येतात. एका दिवसाचा परवाना दुकानातच मिळतो. विदेशी मद्यासाठी त्याचे शुल्क ५ रुपये ठरलेले होते, तर वर्षाच्या परवान्याचे १०० आणि आजीव परवान्याचे १००० रुपये. आपण नियमित घेत असाल तर आजीव परवाना काढून ठेवावा. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. घरी स्नेह्यांबरोबर जेवताना एखादी बाटली उघडणे वेगळे आणि समारंभ करून मद्य देणे वेगळे. समारंभासाठी त्याच विभागाचा तात्पुरता परवाना घ्यावा लागतो.

आता घरपोच सेवेविषयी. मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दुकानांपुढची गर्दी टाळण्यासाठी राज्य सरकारने घरपोच मद्य देण्याची मुभा दिली होती. ती देतानाही विक्रेता परवानाधारक दुकानदारच असावा आणि घेणाऱ्याकडे परवाना असावा ही चौकट कायम होती. म्हणजे त्या काळातही विक्री दुकानच करत होते, मोबाईलवरची मागणी हे केवळ निरोप पोहोचवण्याचे साधन होते. पश्चिम बंगाल आणि ओडिशा यांसारख्या राज्यांनी त्याच वर्षी खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या कंपन्यांना मद्य पोहोचवण्याची परवानगी दिली, आणि तेथल्या बातम्या वाचून आपल्याकडेही तसेच असेल असा अनेकांचा समज झाला. माझे स्पष्ट मत असे की, आपल्या ओळखीच्या, परवाना भिंतीवर लावलेल्या दुकानातून फोन करून बाटली राखून ठेवण्यास सांगावे आणि स्वतः जाऊन बिलासह घ्यावी. खान्देशात वाईनच्या खरेदीत फोनचा एवढाच उपयोग मला योग्य वाटतो.

हतनूर (भुसावळ)

दादा, पांझरा भाऊंनी कायदा सांगितला. मी फसवणुकीबद्दल लिहितो, कारण आमच्याच कॉलनीत हे घडले आहे. शेजारच्या एका सद्गृहस्थांनी नकाशावर दिसणाऱ्या एका दुकानाच्या नावाखाली दिलेल्या नंबरवर फोन केला. नाव खऱ्या दुकानाचे होते, छायाचित्रही खरे होते, फक्त फोन नंबर भामट्याचा होता. आधी पूर्ण रक्कम मागितली, मग पावती तयार करण्यासाठी म्हणून एक क्यूआर कोड पाठवला, मग पहिली रक्कम अडकली असल्याचे सांगून दुसऱ्यांदा पैसे भरायला लावले. बाटली आली नाहीच. आणि गृहस्थांना सर्वांत जास्त त्रास झाला तो या गोष्टीचा की, मद्य मागवताना फसलो हे पोलिसांना कसे सांगावे या संकोचात त्यांनी दोन दिवस घालवले.

हा संकोच भामट्यांच्या फार उपयोगी पडतो, म्हणून सर्वांना कळकळीने सांगतो की असे घडल्यास क्षणाचाही विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. तक्रार जितकी लवकर होईल तितकी रक्कम बँकेत रोखली जाण्याची शक्यता अधिक असते. पैसे स्वीकारण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही, ही एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः ज्येष्ठांना, समजावून ठेवावी.

तोरणमाळ (मूळचा शहाद्याचा, सध्या नाशिक)

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका वायनरीत, म्हणजे वाईन तयार करण्याच्या कारखान्यात, काम करतो, त्यामुळे दादांच्या त्या शेनिन ब्लाँचे काय झाले असावे हे मला त्यांच्या वर्णनावरूनच समजले. ती बाटली उन्हाने गेली. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो आणि मार्चअखेरीसच दुपारी दुकानाच्या दर्शनी भागात ४० अंश सहज होतात. वाईनला मानवणारे साठवणीचे तापमान १२ ते १४ अंश आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. त्यावरून एक उन्हाळा फळीवर काढलेल्या बाटलीचे वय किती वाढत असेल याची कल्पना यावी. वाईन टिकावी म्हणून तिच्यात अल्प प्रमाणात सल्फर डायऑक्साइड असतो, तो उष्णतेत लवकर संपतो, मग हवेचा परिणाम सुरू होतो, पांढरी वाईन तपकिरीकडे झुकते आणि ज्या नाजूक सुगंधांसाठी आपण ती घेतो ते आधी नाहीसे होतात. त्यात बाटली पारदर्शक काचेची असेल तर प्रकाशानेही वास बिघडतो. रोझे, म्हणजे गुलाबी वाईन, बहुधा पारदर्शक बाटलीत येते, म्हणून खिडकीतली रोझे तर मुळीच घेऊ नये.

जुनी वाईन चांगली हा समज फार खोलवर रुजलेला आहे आणि त्यामुळे ग्राहकांचे पुष्कळ नुकसान होते. जगातल्या थोड्याच वाईन वर्षानुवर्षे मुरवण्यासाठी बनवलेल्या असतात, आणि त्याही थंड तळघरात मुरतात. आपल्याकडची पांढरी आणि रोझे वाईन ताजी पिण्यासाठीच असते. द्राक्षे काढल्यापासून दोन वर्षांच्या आत ती संपवावी. ओकच्या पिंपात ठेवलेल्या रिझर्व प्रतीच्या शिराझ किंवा कॅबर्ने सोव्हिन्यों या लाल वाईनना आणखी काही वर्षे देता येतात, पण तीही साठवण योग्य असेल तरच.

लेबलवर द्राक्षांच्या हंगामाचे साल लिहिलेले असते, ते पाहावे. युरोपात द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये वेलाच्या वाढीसाठी खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी गोडी छाटणी आणि मग साधारण जानेवारी ते मार्च या काळात काढणी असे चक्र चालते. त्या वर्षीची पांढरी वाईन टाकीतून बाटलीत येऊन बाजारात पोहोचेपर्यंत काही महिने जातात. म्हणून दिवाळीनंतर दुकानात गेल्यावर चालू सालाची पांढरी वाईन मिळाली तर उत्तम, गेल्या सालाची चालेल, आणि त्याहून मागची असेल तर ती खान्देशचा किमान एक पूर्ण उन्हाळा सोसून आली आहे असे समजून सोडून द्यावी. साल लिहिलेले नसेल तर मागच्या बाजूला बाटलीबंद केल्याचा महिना पाहावा.

बाटली हातात घेतल्यावर प्रथम मान पाहावी. कॉर्क किंचित वर आलेले असेल, टोपणाखाली चिकट ओघळ असेल किंवा वाईनची पातळी शेजारच्या बाटल्यांपेक्षा खाली असेल, तर ती वाईन तापून प्रसरण पावलेली असावी असे समजावे. आता आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांना फिरकीचे झाकण असते आणि काही ग्राहक त्यांना कमी प्रतीचे समजतात, परंतु आपल्या हवेत मी तरी फिरकीच्या झाकणालाच पसंती देईन, कारण कॉर्क सुकण्याचा प्रश्न तेथे येत नाही. उष्णतेपासून मात्र झाकण कोणतेही असले तरी बचाव होत नाही. कॉर्कची बाटली घरी आडवी ठेवावी, म्हणजे कॉर्क ओले राहते.

घरी साठवण कुठे करावी असे कोणी विचारेल, म्हणून तेही लिहितो. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत जाड मातीच्या भिंतींची आतली खोली थंडीत यासाठी चांगली असते, पण होळीनंतर तिच्यावरही विसंबू नये. सिमेंटच्या घरात तर सरळ फ्रिजचा खालचा कप्पा वापरावा. फ्रिजमध्ये काही महिने ठेवल्याने वाईनचे जे होईल ते ४० अंशांच्या खोलीत एका आठवड्यात होणाऱ्या नुकसानीपेक्षा कितीतरी कमी असते. लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला थंड देशांतल्या खोलीसाठी आहे. आपल्याकडे लाल वाईनही फ्रिजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांपर्यंत आणावी, मग तिची चव कळते. पांढरी ८ ते १० अंशांवर चांगली लागते.

राहिला प्रश्न थेट वायनरीतून घेण्याचा. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिक काही तासांवर आहे आणि भुसावळ, जळगावहून नाशिकरोडला रेल्वेगाड्या भरपूर आहेत. गंगापूर धरणाच्या परिसरात आणि दिंडोरीकडे अनेक वायनरी आहेत, तेथे चाखून, विचारून, पावती घेऊन खरेदी करता येते. वाहतुकीसाठी परवाना आणि बिल जवळ ठेवावे, किती बाटल्या नेता येतील हे तेथेच विचारून घ्यावे, आणि उन्हाळ्यात बाटल्या बंद गाडीत ठेवून जेवायला थांबू नये, कारण उन्हात उभ्या गाडीतले तापमान बाहेरच्यापेक्षाही पुष्कळ वर जाते. या फेरीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो.

रंगावली (नवापूर)

सीमेवर राहणाऱ्यांच्या वतीने एक गोष्ट जोडतो. आमच्या नवापूरचे रेल्वे स्थानक निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातमध्ये आहे, आणि गुजरातमध्ये दारूबंदी आहे. नंदुरबारहून सुरतेकडे नातेवाइकांना भेटायला जाताना वाईनची भेट पिशवीत टाकणे हा तेथे गुन्हा ठरतो, मग तुमच्याकडे महाराष्ट्राचे बिल आणि परवाना असला तरी. शिरपूरहून सेंधव्याला किंवा रावेरहून बऱ्हाणपूरला जाऊन तिकडची बाटली इकडे आणणेही तितकेच चुकीचे आहे, कारण तिच्यावर महाराष्ट्राचे शुल्क भरलेले नसते. बाटली कोणत्या राज्यात विकण्यासाठी आहे हे लेबलवर छापलेले असते. घरपोच देणाऱ्या अनधिकृत माणसांकडे छापील किमतीपेक्षा स्वस्त मिळणारा माल बहुधा अशाच वाटेने आलेला असतो किंवा मुळात बनावट असतो. दोन्ही परिस्थितींत घेणाराही अडचणीत येतो.

बोरीकाठ (अमळनेर)

गिरणाकाठ दादा, आपण सर्व दुकानांना एकच माप लावू नये अशी माझी विनंती आहे. आमच्या गावातल्या एका दुकानदाराशी आम्ही चार कुटुंबांनी नीट बोलून घेतले आणि त्याचा फार चांगला परिणाम झाला, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

दुकानदार वाईन वाईट ठेवतो याला त्याचे अज्ञान जितके कारणीभूत आहे तितकाच मागणीचा अभाव आहे. महिन्याला एखादी बाटली खपत असेल तर तो तिच्यासाठी थंड जागा का अडवील? वाईन ठोक विक्रेत्याकडून खोक्याने येते, आणि ७५० मिलिलिटरच्या बारा बाटल्यांचे खोके एकट्या ग्राहकासाठी फोडणे त्याला परवडत नाही. आम्ही त्याला सांगितले की नोव्हेंबरात एक खोके पांढऱ्या वाईनचे आणि एक लाल वाईनचे मागव, चालू सालाचे असेल याची खात्री करून घे, आम्ही आठवड्याभरात सर्व बाटल्या उचलू. त्याने तसे केले. खोके दुकानात एकदोन दिवसच राहिले, त्यामुळे उष्णतेचा प्रश्न उरला नाही, आणि त्याचे पैसेही अडकले नाहीत. आता तो आपणहून फोन करून विचारतो. निम्म्या मापाच्या, म्हणजे ३७५ मिलिलिटरच्या, बाटल्याही तो आणतो. दोघांच्या घरात त्या फार सोयीच्या पडतात.

दुसरे असे की केवळ मोठ्या मद्य दुकानांकडे पाहू नये. बिअर शॉपी म्हणून जी दुकाने असतात त्यांना बिअरबरोबर वाईन विकण्याचीही परवानगी असते, आणि बिअर गरम विकता येत नसल्याने त्यांच्याकडे मोठे शीतकपाट असतेच. अशा दुकानदाराला वाईन त्या कपाटात ठेवायला सांगितले तर त्याला काही वेगळा खर्च करावा लागत नाही. मात्र थंड करून देण्याच्या नावाखाली छापील किमतीपेक्षा दहा-वीस रुपये जास्त मागितले तर द्यायचे नाहीत. ते बेकायदा आहे आणि त्याची तक्रार वैधमापन विभागाकडे किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते.

एक अडचण मात्र मी मोकळेपणाने मांडते, कारण ती येथे कोणी मांडलेली नाही. स्त्रीने अशा दुकानात जाऊन उभे राहणे आपल्या गावांत अजूनही सोपे नाही. संध्याकाळी दुकानापुढे जी गर्दी असते तिच्यात मी जात नाही. सकाळी दुकान उघडल्यावर जाते, फोनवर सांगून ठेवलेली बाटली आणि बिल घेते आणि परत येते. घरपोच सेवा अधिकृतपणे सुरू झाली तर ती सर्वांत आधी स्त्रियांना आणि ज्येष्ठांना हवी असेल, हे पुरुष मंडळींनी ध्यानात घ्यावे.

आणि जेवणाविषयी. काळ्या मसाल्याची शेवभाजी किंवा झणझणीत मटण असेल तर त्याबरोबर जड लाल वाईन घेऊ नका. तिच्या तुरटपणाने तिखट अधिकच झोंबते. किंचित गोडसर शेनिन ब्लाँ किंवा रोझे थंड करून घ्यावी. भरीत आणि कळण्याच्या भाकरीबरोबर मात्र हलकी शिराझ मला फार आवडते, कारण भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास आणि त्या वाईनचा मिरीसारखा स्वाद एकमेकांना सांभाळून घेतात.

पाटणा (चाळीसगाव)

बोरीकाठ ताईंच्या शेवटून दुसऱ्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि म्हणूनच पांझरा भाऊंशी माझा मतभेद आहे. कायदा आज जसा आहे तसा त्यांनी अचूक सांगितला, परंतु तो तसाच राहावा असा त्यांच्या लिहिण्याचा सूर वाटला. सन २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले ते द्राक्ष उत्पादकाला पर्याय मिळावा म्हणूनच. ज्या लहान वायनरींकडे जाहिरातीला आणि वितरणाला पैसा नाही त्यांची वाईन जळगाव-धुळ्याच्या फळीवर कधीच येत नाही, कारण फळी मोठ्या दोन-तीन कंपन्यांनी व्यापलेली असते. परवानाधारक वायनरीने राज्यातल्या परवानाधारक ग्राहकाला वय तपासून, बिलासह, थंड पेटीतून बाटली पोहोचवली तर त्यात कोणाचे नुकसान आहे? जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा दालनांतून वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला होता, तो विरोधामुळे अमलात आला नाही. मला त्यापेक्षाही वायनरी ते घर हा मार्ग अधिक सभ्य आणि नियंत्रणात ठेवता येण्यासारखा वाटतो.

पांझरा (धुळे)

पाटणा भाऊ, वायनरीने थेट ग्राहकाला विकण्याची कल्पना मलाही विचार करण्यासारखी वाटते, आणि लहान उत्पादकांविषयी आपण लिहिले ते खरे आहे. तरीही सरकार या विषयात सावध का असते, हे खेड्यापाड्यांत खटले चालवताना मी पाहिले आहे. आपल्या राज्यात गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर मद्य दुकानासाठी मतदान घेतले जाते आणि आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या बाजूने, पुरेशी मते पडली तर दुकान बंद होते. ज्या गावातल्या स्त्रियांनी इतक्या कष्टाने दुकान बंद केले त्या गावात उद्या दुचाकीवरून खोके येऊ लागले तर त्यांच्या मताला काय किंमत राहील? वाईन आणि देशी दारू यांत फरक आहे हे मी जाणतो, परंतु तुम्ही म्हणता तशी मुभा देताना अशा गावांचा अपवाद त्यात स्पष्ट लिहिलेला असावा, एवढे माझे म्हणणे आहे.

गिरणाकाठ (जळगाव)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरपोचच्या त्या नंबरांचा विचार मी सोडून दिला आहे आणि जवळच्या बिअर शॉपीवाल्याशी बोलणार आहे. बोरीकाठ ताईंप्रमाणे खोके मागवण्यासाठी जळगावात आणखी दोन-तीन कुटुंबे मिळतील असे वाटते. एवढेच विचारायचे राहिले की, इतकी काळजी घेऊनही बाटली खराब निघाली तर दुकानदाराला ती परत घ्यायला सांगता येते का, आणि त्यासाठी काय जपून ठेवावे?

तोरणमाळ (मूळचा शहाद्याचा, सध्या नाशिक)

सांगता येते, पण बाटली अर्धी संपवून नव्हे. उघडल्यावर एक घोट चाखताच ओल्या पोत्यासारखा कुबट वास आला तर तो कॉर्कमधल्या दोषाचा असतो. व्हिनेगरसारखा उग्र वास किंवा आपण वर्णन केलेली शिजलेली चव असेल तर ते हवेचे किंवा उष्णतेचे काम आहे. पहिल्या दोषाची जबाबदारी उत्पादकाकडे जाते, दुसरा बहुतेक वेळा वाहतुकीत किंवा दुकानात घडतो, त्यामुळे दुकानदार टाळाटाळ करण्याची शक्यता दुसऱ्या दोषात अधिक असते. झाकण परत लावून उरलेली वाईन फ्रिजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्याच दिवशी बिलासह दुकानात न्यावी.

दुकानदाराने दाद दिली नाही तर लेबलवर ग्राहक सेवेचा नंबर आणि पत्ता छापलेला असतो, तेथे बॅच क्रमांक, बाटलीबंद केल्याचा महिना आणि दुकानाचे नाव कळवावे. आमच्याकडे अशी तक्रार आली की त्याच बॅचची राखून ठेवलेली बाटली उघडून तपासली जाते आणि त्या भागातल्या वितरकाला साठवणीबद्दल विचारणा होते, म्हणून तक्रार अवश्य करावी. बर्फाच्या पाण्यात बाटली ठेवली की लेबल भिजून निघते आणि बॅच क्रमांक वाचता येत नाही, तेव्हा उघडण्यापूर्वी मागच्या लेबलचे छायाचित्र काढून ठेवावे.